मोबाईलसाठी वेगळी लेन्स आणि ट्रायपॉड घेताना

लेन्स मागवण्याआधी हातातल्या फोनची एकदा नीट ओळख करून घ्या. कॅमेरा ॲप उघडा, स्क्रीनवरचे ०.५, १, २, ३ हे आकडे एकेक करून निवडा आणि प्रत्येक वेळी मागच्या काचांवर आळीपाळीने बोट ठेवा. ज्या काचेवर बोट ठेवल्यावर स्क्रीन काळी पडते, ती त्या आकड्याची लेन्स. १ वर जी काळी पडेल ती मुख्य लेन्स. बाहेरून लावायची जवळजवळ प्रत्येक लेन्स हिच्यावरच बसवायची असते, कारण बहुतेक फोनमध्ये सर्वांत मोठा सेन्सर तिच्याच मागे असतो. हाच प्रयोग रात्री मंद दिव्यात ३ वर करून बघा. बऱ्याच फोनमध्ये टेलिफोटोवर (दूरचं जवळ दाखवणाऱ्या लेन्सवर) बोट ठेवलं तरी चित्र दिसतच राहतं. उजेड कमी पडला की फोन टेलिफोटो बाजूला ठेवतो आणि मुख्य लेन्सचंच चित्र कापून मोठं करून दाखवतो.

आता थोडा हिशेब. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याच्या मापात मुख्य लेन्स साधारण २४ ते २६ मिमीची असते; मिमीचा आकडा जितका लहान, तितकं दृश्य रुंद. तिच्यावर ०.६ पटीची वाइड लेन्स लावली तर १४-१५ मिमी मिळतात. फोनची स्वतःची अल्ट्रावाइड (०.५ ची लेन्स) १३ मिमीच्या आसपास असतेच. २ पट टेलिफोटो लावली तर ५० मिमी होतात, पण ४८ किंवा ५० मेगापिक्सलच्या सेन्सरचा मधला भाग घेऊन फोन तेवढाच झूम स्वतःच देतो आणि मध्ये जादा काच येत नाही. म्हणजे 'तीन लेन्सचा सेट' घेतलात तर त्यातल्या दोन ड्रॉवरमध्येच पडून राहणार. फिशआय (चित्र गोलसर वाकवणारी लेन्स) तर दोन दिवसांची गंमत आहे. फोनला मागे एकच कॅमेरा असेल, तरच वाइडचा विचार करा.

टेलिफोटोला एक अपवाद आहे. फोन कंपन्यांनी अलीकडे आपल्या ठरावीक मॉडेलसाठीच बनवलेले जोड-भिंग बाजारात आणले आहे. विवोने २०२५ मध्ये एक्स२०० अल्ट्रासाठी काढलेलं २.३५ पटीचं भिंग फोनच्या ८५ मिमी टेलिफोटोवर बसतं आणि २०० मिमी देतं. ते त्याच फोनसाठी असतं, कॅमेरा ॲपमध्ये त्याचा मोड निवडावा लागतो आणि ते चांगलंच जड असतं. सगळ्या फोनला चालणाऱ्या क्लिपच्या '१८ पट', '२२ पट' नळकांड्यांशी त्याची तुलना नको. त्या नळकांड्यांत कडा जांभळ्या येतात, कोपरे विरघळतात आणि वाऱ्याची झुळूक आली तरी पक्षी फ्रेममधून निघून जातो.

मग घेण्यासारखं काय उरतं? मॅक्रो लेन्स (बारीक वस्तू अगदी जवळून टिपणारी), एक-दोन फिल्टर आणि ट्रायपॉड. आणि पैशांची वाटणी करायची तर निम्म्याहून जास्त रक्कम ट्रायपॉड आणि फोन धरणाऱ्या क्लॅम्पवर खर्च करा. दहा लेन्स असलेल्या डबीपेक्षा एक घट्ट क्लॅम्प जास्त चांगले फोटो देतो.

मॅक्रो: आकड्यांत काय दडलंय

पाकिटावर '१० पट' किंवा '१०० मिमी' असं काहीतरी लिहिलेलं असतं. या दोन्हींचा अर्थ एकाच सूत्रातून निघतो: २५० भागिले पट म्हणजे लेन्सची मिलिमीटरमधली फोकल लेंग्थ. १० पट म्हणजे २५ मिमी, १०० मिमी म्हणजे अडीच पट. फोनचा फोकस अनंतावर असेल तर वस्तू नेमकी या अंतरावर असताना स्पष्ट दिसते. फोनचा फोकस जवळात जवळ, समजा १० सेंमीवर आणला, तर हे अंतर आणखी कमी होतं. २५ मिमीच्या लेन्सचं काम २ ते अडीच सेंमीत चालतं, तर १०० मिमीच्या लेन्सला ५ ते १० सेंमी मिळतात.

घ्यायची कोणती, हे या फरकावरच ठरतं. दोन सेंमीवर फोन नेला की फोनचीच सावली फुलावर पडते, आणि फुलपाखरू तर कधीच उडून गेलेलं असतं. भटकंतीत एकच मॅक्रो न्यायची असेल तर ७५ ते १०० मिमीची न्या. २५ मिमीची लेन्स न हलणाऱ्या बारीक गोष्टींसाठी ठेवा: नाणं, शेवाळ, साडीचं विणकाम, मिठाचा खडा.

कासच्या पठाराचंच उदाहरण घ्या. साताऱ्यापासून साधारण २५ किमीवरचं, २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलेलं हे पठार ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलतं. लांबून गालिचा दिसतो, पण त्यातली गेंद, सीतेची आसवं, किडे पकडणारी दवबिंदू ही मंडळी काही मिलिमीटरची. दवबिंदूच्या पानावरचे चिकट थेंब किंवा त्यात अडकलेलं चिलट नुसत्या फोनला पकडता येत नाही. तेरड्याचं किंवा कवल्याचं फूल मात्र १०० मिमीत छान बसतं. पायवाट आणि कुंपण सोडून आत शिरायचं नाही, म्हणूनही लांबून चालणारी लेन्सच सोयीची. फूल हाताच्या टप्प्यात नसेल तर तो फोटो सोडून द्यायचा. एका फोटोपायी पायाखाली दहा रोपं जातात.

लावण्याची पद्धत अशी. फोनचं कव्हर काढा. कॅमेऱ्यावर वेगळी संरक्षक काच चिकटवलेली असेल तर तीही काढलेली बरी. ती लेन्समधलं अंतर वाढवते आणि उजेड समोरून आला की चित्रावर पांढुरका पडदा येतो. मुख्य काच पुसा, क्लिप लावा, स्क्रीनकडे बघत क्लिप अगदी हळू सरकवा. चारही कोपऱ्यांतला काळेपणा सारखा झाला की लेन्स मध्यावर आली. एकाच बाजूचा कोपरा काळा असेल तर ती त्याच्या विरुद्ध बाजूला सरकली आहे. मध्यभागी असूनही चारही कोपरे काळे राहत असतील तर लेन्स आणि फोन यांच्यात फट राहिली आहे, किंवा तुमच्या फोनच्या मोठ्या लेन्सला ही काच पुरत नाही. दुसऱ्या कारणावर इलाज नाही, लेन्स परत करा.

यानंतर नव्या फोनवर हमखास होणारा घोटाळा. फूल जवळ येताच फोन आपणहून अल्ट्रावाइडवर उडी मारतो, आणि तुमची मॅक्रो तर मुख्य लेन्सवर बसलेली. स्क्रीनवर क्लिपची काळी कड किंवा अंधार दिसतो आणि लेन्स खराब आहे असं वाटतं. आयफोन १३ प्रो आणि नंतरच्या ज्या मॉडेलमध्ये मॅक्रोची सोय आहे, त्यांत सेटिंग्जमधल्या कॅमेरा विभागात 'मॅक्रो कंट्रोल' चालू करा. मग जवळ गेल्यावर स्क्रीनवर फुलाचं चिन्ह येतं, त्यावर दाबलं की उडी थांबते. सॅमसंगच्या वरच्या मॉडेलमध्ये याच कामाला 'फोकस एन्हान्सर' आहे, तो बंद करा. बाकी अँड्रॉइडवर प्रो मोडमध्ये जाऊन १ ची लेन्स निवडा, तिथे फोन सहसा मनमानी करत नाही.

फोकस ऑटोवर सोडू नका. स्क्रीनवर बोट दाबून धरा, फोकस कुलूपबंद करा, आणि मग पूर्ण फोनच मिलिमीटर-मिलिमीटर पुढे-मागे न्या. मॅक्रोत स्पष्ट दिसणारा पट्टा फक्त दोन-तीन मिमी जाडीचा असतो, १० पटीला त्याहूनही कमी. म्हणून फोन तिरका न धरता फुलाच्या पाकळ्यांना समांतर धरा, म्हणजे जास्तीत जास्त भाग त्या पट्ट्यात येतो. एका फुलाचे दहा-बारा फोटो सलग घ्या, एक-दोन नेमके निघतात. वारा हा मॅक्रोचा खरा शत्रू. सकाळी नऊच्या आत पोहोचा आणि सोबत छत्री ठेवा: उघडी छत्री वाऱ्याच्या बाजूला आडवी धरली की देठ डोलायचं थांबतं, आणि ऊन कडक असेल तर तीच सावली देते. काळ्या छत्रीपेक्षा पांढरी किंवा फिक्या रंगाची असेल तर प्रकाश मऊ पडतो.

दुकानात किंवा पार्सल उघडल्यावर करायची परीक्षा

वर्तमानपत्राचं पान भिंतीवर सपाट चिकटवा. मॅक्रो सोडून कुठलीही लेन्स असेल तर आधी तिच्याशिवाय एक फोटो, मग ती लावून दुसरा. दोन्ही मोठे करून कोपऱ्यांतल्या ओळी वाचा. देवनागरी छपाई या कामाला फार उपयोगी, कारण शिरोरेषा लगेच सत्य सांगते. ती कोपऱ्यात वाकलेली दिसली तर लेन्स रेषा वाकवते. तिच्या वर जांभळी आणि खाली हिरवी किनार आली तर काच हलक्या दर्जाची आहे. रेषा दुहेरी दिसली तर आतली भिंगं एका रेषेत नाहीत. मधल्या ओळी स्पष्ट आणि कडेच्या अंधुक हे थोड्या प्रमाणात सगळ्याच क्लिप लेन्सना होतं, पण पानाचा बाहेरचा एक तृतीयांश भाग वाचताच येत नसेल तर लेन्स ठेवू नका. मॅक्रोची परीक्षा नोटेवर करा: बारीक अक्षरांवर फोकस आणा आणि मध्यापासून किती लांबपर्यंत वाचता येतं ते बघा.

बसवण्याच्या दोन पद्धती आहेत. क्लिप कुठल्याही फोनला चालते, पण खिशात हात घालताना, वाकताना, सतत सरकते. फोनच्या मॉडेलसाठी बनवलेलं आटे असलेलं कव्हर घेतलं तर लेन्स दर वेळी नेमकी मध्यावर बसते. बऱ्याच लेन्सना १७ मिमीचे आटे असतात, काही कंपन्यांचा खटका मात्र त्यांचा स्वतःचाच असतो आणि दुसऱ्या कुणाची लेन्स त्यात बसत नाही. फोन वर्षभरात बदलणार असाल तर कव्हरचे पैसे पुन्हा जातील, तेव्हा क्लिपच बरी. चुंबकाने चिकटणाऱ्या लेन्स टाळा. कॅमेऱ्याजवळचा चुंबक प्रतिमा स्थिर ठेवणाऱ्या आणि फोकस करणाऱ्या यंत्रणेत अडथळा आणू शकतो, असं ॲपलनेही आपल्या सूचनांत म्हटलं आहे.

फिल्टर: सीपीएल आणि एनडी

पावसाळ्यात हिरव्यागार झाडीचा फोटो पांढुरका येतो, कारण प्रत्येक ओल्या पानावर आकाश चमकत असतं. सीपीएल (सर्क्युलर पोलरायझर) फिल्टर फिरवला की ती चमक जाते आणि हिरवा रंग खाली दिसू लागतो. धबधब्याखालचे काळे कातळ, तळ्याचा तळ, सगळ्याला हाच उपयोग. धातूवरची चमक त्याने जात नाही. साधारण दीड ते दोन स्टॉप उजेड तो खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). तो लावून अल्ट्रावाइडवर निळं आकाश घेऊ नका, एका भागात गडद पट्टा पडतो.

नकली सीपीएल खूप विकले जातात, पण ओळखणं सोपं आहे. लॅपटॉपची एलसीडी स्क्रीन चालू ठेवा, फिल्टरची पुढची बाजू स्क्रीनकडे करून त्यातून बघत फिरवा. एका कोनात स्क्रीन जवळजवळ काळी व्हायलाच हवी. नुसती थोडी अंधुक झाली तर ती साधी रंगीत काच. फिल्टर उलटा धरला तर ही परीक्षा फसते, आणि फोटो काढतानाही परिणाम मिळत नाही, म्हणून बाजू लक्षात ठेवा.

एनडी, म्हणजे नुसता उजेड कमी करणाऱ्या काळपट फिल्टरची गरज का पडते? बहुतेक फोनच्या मुख्य लेन्सचं छिद्र ठरलेलं असतं, एफ १.८ च्या आसपास, ते लहान करता येत नाही. ढगाळ दिवशी झाडीतल्या धबधब्यासमोर आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ५० ठेवला तरी शटर साधारण १/३०० सेकंदाचा येतो आणि पाणी गोठल्यासारखं दिसतं. दुधाळ धार हवी असेल तर १/५ सेकंद ते १ सेकंद लागतो. एनडी६४ उजेड ६४ पटीने कमी करतो, म्हणजे १/३०० चा जवळपास १/५ होतो. एनडी१००० ने तीन सेकंदांपर्यंत जाता येतं. एनडी८ दिवसा या कामाला पुरत नाही. एकच घ्यायचा तर एनडी६४. फिरवून कमी-जास्त करता येणारा एनडी सोयीचा वाटतो, पण शेवटच्या टोकाला नेला की चित्रावर फुलीसारखा काळा डाग उमटतो.

व्हिडिओ काढणाऱ्यांनाही तोच एनडी६४ लागतो. २५ फ्रेमला शटर १/५० ठेवला की हालचाल डोळ्यांना नैसर्गिक वाटते, आणि आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने दिव्यांचा लुकलुकाटही टळतो. भर उन्हात एनडीशिवाय १/५० वर गेलात तर सगळा व्हिडिओ पांढरा.

एनडी विकत घेण्याआधी फोनमध्ये आधीच असलेली सोय मात्र वापरून बघा. आयफोनवर लाइव्ह फोटो काढून त्याला 'लाँग एक्स्पोजर' हा परिणाम देता येतो, पिक्सलमध्ये त्याचा वेगळा मोड आहे. अनेकांचं काम तेवढ्यावर भागतं. ट्रायपॉड मात्र तेव्हाही लागतोच.

फिल्टर घेताना ५२ ऐवजी ५८ किंवा ६७ मिमीचा आणि त्याला बसणारी क्लिप घ्या. मोठी काच मागचे दोन-तीन कॅमेरे एकदम झाकते, फोनने मधेच लेन्स बदलली तरी बिघडत नाही. लहान ३७ मिमीच्या फिल्टरला ती मुभा नाही.

ट्रायपॉड

पेटीवर 'भार ५ किलो' असं मोठ्या अक्षरांत असतं. फोन २०० ग्रॅम, क्लॅम्प आणि लेन्स मिळून आणखी दीडशे-दोनशे. भार हा प्रश्नच नाही. प्रश्न थरथरीचा आहे. सगळे पाय पूर्ण उघडा, मधली दांडी खालीच ठेवा, फोन लावून १० पट झूम करा आणि एका पायावर बोटाने टिचकी मारा. स्क्रीनवरचं चित्र दोन सेकंदांत शांत झालं तर ट्रायपॉड चांगला. पाच सेकंद डोलत राहिलं तर किल्ल्यावरच्या वाऱ्यात तो काही कामाचा नाही. मग मधली दांडी पूर्ण वर काढून हीच टिचकी मारा. फरक पाहिल्यावर ती दांडी वर काढायची सवयच सुटते. म्हणून उंची मोजताना दांडी खाली असतानाची मोजा. १२० ते १३० सेंमी पुरेत, डोळ्यांच्या उंचीची गरज फारच थोड्या फोटोंना असते.

बंद केल्यावरची लांबी ४० सेंमीच्या आत हवी, म्हणजे ट्रेकच्या सॅकमध्ये आडव्या-उभ्या कुठेही बसतो. वजन ९०० ग्रॅम ते सव्वा किलो हा चांगला मध्य. कार्बन फायबरचा हलका असतो, पण किंमत बरीच वर जाते. बसने-गाडीने फिरणाऱ्याला ॲल्युमिनियम पुरे. सेल्फी स्टिकचाच ट्रायपॉड होणारे तीनशे ग्रॅमचे प्रकार गुडघ्याच्या उंचीपर्यंत ठीक, त्यावर नाही. पायांचे टप्पे जितके जास्त, तितका शेवटचा पाय बारीक, आणि डोलतो तोच. चार टप्पे ठीक, पाच म्हणजे लांबीसाठी मजबुती सोडणं.

फक्त फुलं आणि शेवाळाचे फोटो काढायचे असतील तर मोठा ट्रायपॉड घेऊच नका. वीतभर उंचीचा, दोनशे ग्रॅमचा टेबल ट्रायपॉड जमिनीलगत जातो, दगडावर बसतो आणि पायवाटेवर कुणाच्या पायात येत नाही.

क्लॅम्पकडे सगळ्यात जास्त बघा, कारण फोन पडतो तो इथूनच. स्प्रिंगचा क्लॅम्प काही महिन्यांत सैल होतो. स्क्रू पिळून आवळायचा घ्या. जबडा कव्हरसकट ९० मिमीपर्यंत उघडायला हवा. फोन लावून गादीवर उलटा धरा आणि जोरात हलवा. जबडा बाजूच्या बटणांवर येत नाही ना, हे घरीच ठरवून ठेवा. पॉवर आणि आवाजाचं बटण एकदम दाबलं गेलं तर काही फोन आपत्कालीन कॉलकडे वळतात. क्लॅम्प स्वतः ९० अंश वळणारा हवा. तसा नसला तर उभ्या फोटोसाठी ट्रायपॉडच्या माथ्यावरचं वळणारं बॉल हेडच कुशीवर पाडावं लागतं, वजन एका बाजूला जातं आणि वाऱ्यात सगळं कलंडतं. खालचा स्क्रू पाव इंची हवा. हेडवरची प्लेट आर्का (बऱ्याच कॅमेऱ्यांना चालणाऱ्या) पद्धतीची असेल तर पुढे कॅमेरा घेतलात तरी तीच चालेल. हेडची परीक्षा म्हणजे फोन लेन्ससकट तिरका लावून आवळा, एका बिंदूवर नेम धरा, पाच मिनिटांनी परत बघा. बिंदू खाली सरकला असेल तर हेड रात्रीच्या फोटोंना निरुपयोगी.

वारा असेल तर मधल्या हुकला सॅक अडकवा, पण ती जमिनीला टेकू द्या. लटकती सॅक झोके घेते आणि ट्रायपॉडही हलवते. बटण हाताने दाबू नका, तीन सेकंदांचा टायमर किंवा ब्लूटूथ रिमोट वापरा.

रात्रीच्या आकाशासाठी मुख्य लेन्स आणि १० ते १५ सेकंद. त्याहून जास्त ठेवलं तर तारे बिंदूऐवजी रेघा होतात. पिक्सल ४ पासूनच्या गुगलच्या फोनमध्ये ताऱ्यांच्या फोटोंचा (ॲस्ट्रोफोटोग्राफी) मोड आहे, तो फोन स्थिर असला की चालतो. मेअखेर ते जूनमध्ये भंडारदरा किंवा पुरुषवाडीकडे काजवे बघायला जाणाऱ्यांनी ट्रायपॉड उजेड असतानाच लावून ठेवावा. अंधार पडल्यावर टॉर्च लावला की काजव्यांचं लुकलुकणं विस्कटतं, आणि ते तर त्यांचं जोडीदाराला साद घालणं असतं. स्क्रीनचा उजेड सगळ्यात कमी ठेवा, फ्लॅश बंद आहे ना ते दोनदा तपासा, २० सेकंदांचे बरेच फोटो एकाच जागेवरून घ्या आणि घरी ॲपमध्ये एकावर एक रचा.

रायगड, शिवनेरी, अजिंठा अशा केंद्र-संरक्षित ठिकाणी ट्रायपॉड लावायला पुरातत्त्व खात्याची आगाऊ परवानगी लागते, आणि अजिंठ्याच्या चित्रांसमोर फ्लॅश अजिबात चालत नाही. विमानात ट्रायपॉड चेक-इन सामानातच टाका.

कोकण किनाऱ्यावर वाळू ट्रायपॉडचा घात करते. पिळाचं लॉक असेल तर वाळूचे कण आट्यांत जातात आणि पाय करकरू लागतो. वाळूत उभं करताना सगळ्यात खालचा टप्पा आधी वीतभर बाहेर काढा, म्हणजे लॉक वाळूच्या वर राहतं. घरी आल्यावर पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवा, उघडाच रात्रभर वाळवा, मगच मिटा. खटक्याचं लॉक वाळूला जास्त दाद देत नाही, पण त्याचा स्क्रू सैल होत जातो, सोबतची छोटी ॲलन की सांभाळून ठेवा. लेन्स आणि फिल्टर मात्र पावसाळाभर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, आणि जेलचे दाणे रंग बदलले की ते वाळवून परत घाला. कापडी पाऊचमध्ये ठेवलेल्या काचेवर ऑगस्टपर्यंत बुरशीचे कोळिष्टकासारखे धागे येतात, आणि ते आतल्या बाजूला आले तर एवढ्या लहान लेन्स कुणी उघडून साफ करून देत नाही.